चावीवाल्याची वही

रेल्वेच्या छोट्या लाइनीवर चालणं अंगवळणी पडायला मला एक पूर्ण पावसाळा लागला. एका स्लीपरवरून पुढच्या स्लीपरवर पाय टाकला तर पाऊल आखूड पडतं. मधला एक सोडून टाकला तर ताण बसतो. नव्या माणसाच्या पोटऱ्या आठ दिवसांत भरून येतात. आमच्या गँगचा मेट, म्हणजे मुकादम, पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "चालीकडे नोको पाहू गा, रुयाकडे पाह्य. चाल आपसुक बसते." ती बसली, आणि पुढची पस्तीसहून जास्त वर्षं तशीच राहिली. आज सडकेवरून चालतानासुद्धा माझं पाऊल सरळ पडत नाही, स्लीपर शोधतं.

मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणाऱ्या अडीच फुटी लाइनीवर मी १९८३ मध्ये गँगमन म्हणून लागलो आणि काही वर्षांत चावीवाला झालो. यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणारी ही सगळी लाइन सुमारे १९० किलोमीटरची. लोक तिला शकुंतला म्हणतात. त्यातली अचलपूरची बाजू ७६ किलोमीटर, आणि त्या ७६ मधले साडेपाच किलोमीटर माझे. माझ्या तुकड्याच्या एका टोकाला गँगची चौकी आणि दुसऱ्या टोकाला एक हॉल्ट होता. हॉल्टचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुढे ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे ती माणसं अजून तिथंच राहतात, आणि गावाचं नाव कळलं की माणसं कळतील.

चावीवाल्याचं काम सांगायला सोपं आहे. सकाळी चौकीवरून निघायचं, जाताना एक रूळ पाहायचा, येताना दुसरा. खांद्यावर लांब दांड्याची हातोडी. पिशवीत पाना, चार-सहा बोल्ट, थोड्या चाव्या, लाल आणि हिरवी झेंडी, आणि धोका दिसला तर रुळावर लावायचे पटाके. ही चावी कुलपाची नव्हे. रूळ स्लीपरला आवळून धरणारी ती लोखंडी पाचर असते, आणि गाडीच्या हादऱ्यानं ती जरा जरा सरकते. तिला ठोका द्यायचा. घट्ट बसलेली चावी खणकन बोलते, ढिली बद्द वाजते. सुरुवातीला मी वाकून प्रत्येक चावी पाहायचो. मग कान तयार झाला, आणि नजर पुढच्या सांध्यावर ठेवून चालता यायला लागलं.

काळ्या मातीवर हे काम कधी संपत नाही. वैशाखात आमच्या भागातल्या जमिनीला अशा भेगा पडतात की त्यात मनगटापर्यंत हात जातो. मृगाचा पाऊस झाला की तीच माती फुगते आणि रूळ वर उचलते. पाणी जास्त झालं की बसते आणि रूळ खाली ओढते. टाकलेली गिट्टी दोन पावसाळ्यांत माती गिळून टाकते. गँग सब्बल आणि बीटर घेऊन लाइन उचलायची, सरळ करायची, आणि पुढल्या मोसमात पुन्हा तेच. ज्या मातीनं या भागाला कपाशी दिली, आणि कपाशीसाठी जी लाइन इथं आणली, तीच माती रोज त्या लाइनीची परीक्षा घ्यायची.

लाइन कपाशीसाठीच आली, हे खरं आहे. मुंबईची मोठी लाइन १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोचली तेव्हा मूर्तिजापूर तिच्यावर आलं. पण दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ बाजूलाच राहिले. तिथली रुई बैलगाडीनं न्यावी लागायची. मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीनं १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली, आणि त्या दशकात ही छोटी लाइन पडली. रूळ कंपनीचे आणि गाड्या चालवायच्या जीआयपी रेल्वेनं, असा करार झाला. पुढे देश स्वतंत्र झाला, १९५१ मध्ये जीआयपीची जागा घेणारी मध्य रेल्वे तयार झाली. तरी आमच्या लाइनीचा तो करार मुदतीमागून मुदत पुढे सरकत राहिला. माझा पगार रेल्वे द्यायची, आणि ज्या रुळाला मी ठोके द्यायचो तो रूळ एका कंपनीचा होता. तरुणपणी मला यात काही वेगळं वाटलं नाही. घर एकाचं आणि राहणारा दुसरा असला की छपराची कौलं कोण बदलणार, हा प्रश्न कळायला मला फार वर्षं लागली.

मी लागलो तेव्हा हॉल्टवर एक टिनाचं शेड होतं, एक दगडी ओटा होता, गावाच्या नावाची पाटी होती, आणि कडुनिंबाचं एक झाड. झाडाखाली माल भरायच्या सायडिंगचे रूळ होते, पण त्यावर गंज चढलेला. म्हातारे सांगायचे की सुगीत त्या सायडिंगवर रुईचे डबे उभे असायचे आणि गाठी रचायला रात्री कंदील लावावे लागायचे. मूर्तिजापुरात त्या गाठी छोट्या डब्यातून उतरवून मोठ्या लाइनीच्या डब्यात पुन्हा भराव्या लागत, कारण दोन्ही लाइनींची रुंदी वेगळी. एकाच गाठीला दोनदा हमाली. ट्रक शेताच्या धुऱ्यापर्यंत यायला लागला तेव्हा त्या दुसऱ्या हमालीनं हिशेब फिरवला. मी पाहिलं ते फक्त माणसांचं आणि लहान मालाचं येणं-जाणं: अंजनगावकडून येणारे विड्याच्या पानांचे करंडे ओल्या फडक्यात गुंडाळलेले, बाजाराच्या दिवशी कोंबड्या आणि टोपल्या, मूर्तिजापुरात मोठी गाडी धरणारी पोरं, आणि तिकीट परवडतं म्हणून एसटी सोडून इकडे येणाऱ्या मजूर बायका.

आणि पाणी. दर्यापूरचा सगळा भाग खारपाणपट्ट्यात येतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या गावांत विहीर खणली तरी पाणी खारट लागतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आमच्या चौकीला पिण्याचं पाणी गाडीनं यायचं, पिंपात. गाडी थांबली की फायरमन आणि आम्ही मिळून पिंप उतरवायचो. हॉल्टवरही एक पिंप उतरायचं. ते गँगसाठी होतं, पण गावातली एखादी बाई तान्ह्या पोरासाठी कळशी घेऊन उभी राहिली तर मेट तोंड दुसरीकडे करायचा. त्या पिंपाचा हिशेब कोणत्याही कागदात नव्हता. मला मात्र हॉल्ट कशासाठी असतो हे तिकिटांपेक्षा त्या पिंपानं आधी शिकवलं.

त्या काळात फोन नव्हते, म्हणून चावीवाला हा लाइनीवरचा निरोप्याही होता. सोयरिकीचा निरोप, वासरू हरवल्याचा निरोप, बियाण्याच्या उधारीचा निरोप. एकदा चौकीजवळच्या गावात पहाटे एक म्हातारा गेला. त्याची मुलगी हॉल्टच्या गावी दिली होती. त्यांच्या घरचा पोरगा माझ्याकडे धावत आला आणि म्हणाला, "मामा, तिले सांगजा, लवकर ये म्हना." सायकल लाइनीवरून चालत नाही, सडकेनं गेलं तर वळसा दुपटीहून जास्त. मी निघालो. साडेपाच किलोमीटर सरळ चाललो असतो तर तासाभरात पोचलो असतो. पण त्याच सकाळी गाडी यायची होती आणि आदल्या रात्री पाऊस झाला होता. मी रूळ पाहत गेलो. ठोके देत गेलो. दोन ठिकाणी थांबून बोल्ट आवळले. पोचायला अडीच तासांच्या वर गेले. ती बाई शेतात निंदत होती. मी बांधावरूनच सांगितलं. ती तशीच, पायाला चिखल असताना, निघाली. पोचली तेव्हा सरण पेटलं होतं.

त्या दिवशी गाडी बिनधोक गेली. मला कोणी काही बोललं नाही. पण मी ठोके सोडून पळालो असतो तर तिला बापाचं तोंड दिसलं असतं, हे मला माहीत होतं. कितीतरी वर्षं त्या गावातून जाताना मी तिच्या घराची गल्ली टाळली.

दोन-तीन वर्षांनी याच्या उलट घडलं, आणि चूक पूर्ण माझी होती. पोळ्याचा दिवस होता. घरी बैलांची शिंगं रंगवायची होती, लहान मुलगी झूल घेऊन वाट पाहत बसली असणार. हॉल्टच्या अलीकडे एक किलोमीटरवर मी थांबलो. पुढचा तुकडा कालच पाहिला होता. काही नसेल, असं मनाशी म्हणालो आणि मागं फिरलो. त्या न पाहिलेल्या किलोमीटरात एका सांध्याखालची माती रात्रीच्या पावसानं बसली होती आणि फिशप्लेटचे, म्हणजे सांधा धरणाऱ्या पट्टीचे, एका बाजूचे दोन्ही बोल्ट तुटले होते. दुपारी गाडीच्या शेवटच्या डब्याची चाकं रुळावरून उतरली. गाडी हळू होती, डबा आडवा झाला नाही, कोणाला फार लागलं नाही. एका म्हातारीचा हात खरचटला. जॅक लावून डबा पुन्हा रुळावर घ्यायला रात्र झाली. मी कंदील धरून उभा होतो. चौकशीत मी खरं सांगितलं, माझी पगारवाढ थांबली, आणि ते योग्यच झालं.

मी या दोन दिवसांची तुलना पुष्कळ केली. एकदा काम धरून ठेवलं आणि एका माणसाचं न भरून येणारं नुकसान झालं. एकदा काम सोडलं आणि नशिबानं नुकसान टळलं. यातून एखादा नियम काढावा असं वाटायचं, पण तो निघाला नाही. एवढंच समजलं की लाइनीवर "काही नसेल" हा शब्द उच्चारायचा नाही, आणि आपलं काम बरोबर होतं म्हणून दुसऱ्याचं दुःख लहान होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच खांद्यावर घेऊन चालावं लागतं.

आता हॉल्टचं सांगतो. लोक विचारतात, बंद कधी पडला? कुठला तरी एक दिवस सांगावा अशी त्यांची अपेक्षा असते. मी आयुष्यभर ढिलं होत जाणारं लोखंड ओळखण्याचं काम केलं, पण हॉल्ट ढिला होत होता हे मला ऐकू आलं नाही. आधी माल गेला. मग वापर नाही म्हणून सायडिंग काढायचं ठरलं. ते काढणाऱ्या गँगमध्ये मी होतो. खिळे मीच उपसले, आणि चांगलं काम झालं म्हणून आम्ही त्या रात्री समाधानानं जेवलो. १९९४ च्या १५ एप्रिलला वाफेचं इंजिन थांबलं. १९२१ मध्ये मँचेस्टरला तयार झालेलं आणि १९२३ पासून इथं चालणारं झेडडी इंजिन जाऊन डिझेल आलं. आम्हाला आनंदच झाला, कारण ठिणग्यांनी धुऱ्यावरचं गवत पेटायचं थांबलं. मग हॉल्टवर तिकीट देणारा माणूस गेला आणि गार्डच उतरून तिकिटं द्यायला लागला. फाटकांवर माणूस नसे. गाडी अलीकडे उभी करायची, कर्मचाऱ्यानं उतरून फाटक लावायचं, गाडी पलीकडे गेली की पुन्हा उघडायचं. मग शेडचे टिन वाऱ्यानं उडाले, आणि नवे आले नाहीत. ताशी वीस किलोमीटरच्या वर गाडी न्यायची नाही, असं ठरलं. एका गाडीवर सगळं आलं. मग तीही पावसाळ्यात बंद, हिवाळ्यात चालू, अशी व्हायला लागली. यातली प्रत्येक चावी वेगळी सरकली, आणि प्रत्येक वेळी त्यासाठी पटेल असं कारण होतं.

शेवटी गाडी आली नाही आणि नंतरही आली नाही. २०१६ मध्ये ब्रॉडगेजची घोषणा झाली तेव्हा गावात पेढे वाटले गेले होते. पुढे अचलपूरकडे लोक शकुंतलेसाठी सत्याग्रहाला बसले. माझी निवृत्ती जवळ आली होती. शेवटच्या महिन्यांत मी ज्या रुळावर गाडी नाही तो रूळ पाहत चालायचो. सांध्यांतून बाभळी उगवल्या होत्या, आणि उतारावर बेशरम माजला होता.

त्या दिवसांत शाळेतला एक मुलगा हॉल्टच्या ओट्यावर बसून अभ्यास करत होता. त्यानं विचारलं, "आजोबा, हा ओटा कायचा आहे?" पाटी गेली होती, शेड गेलं होतं. मी सांगितलं, इथं गाडी थांबायची. तो म्हणाला, "काहून? इथं तर काहीच नाही." मी घरी आलो आणि मुलीची अर्धी कोरी वही काढली. लाइनीवरची वर्षं अंगात होती, पण त्या पोराला दाखवायला माझ्याकडे एक ओळसुद्धा नव्हती.

वही भरताना मला पुन्हा नव्यानं शिकावं लागलं. आधी मी माणसांना साल विचारायचो. साल कोणालाच सांगता येत नाही, आणि सांगितलं तर ते चुकतं. मग विचारायला लागलो, "त्या साली वावरात काय होतं?" तेव्हा उत्तर येतं. बहात्तरचा दुष्काळ सगळ्यांना आठवतो. एच-४ कपाशी पहिल्यांदा कोणाच्या वावरात लागली ते आठवतं. घरातलं लग्न, थोरल्या बैलाचं मरण आठवतं. "सायडिंगवर शेवटचा डबा मी पाह्यला तवा आमच्या घरी एच-चारचं पह्यलं पीक व्हतं," असं एकानं सांगितलं आणि मला एक खुंटी मिळाली. दुसऱ्यानं वेगळं सांगितलं. मी दोन्ही लिहिलं.

दुसरं शिकलो ते हे की ऐकताना मध्ये दुरुस्ती करायची नाही. जवळजवळ प्रत्येक जण मला सांगायचा की आपल्या लाइनीचं भाडं अजून इंग्लंडला जातं. मी सुरुवातीला वाद घालायचो: किलिक निक्सन ही मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेली पेढी, स्वातंत्र्यानंतर ती भारतीय मालकांकडे आली. वाद घातला की माणूस गप्प व्हायचा, आणि त्याच्यापाशी असलेलं हॉल्टचं बाकी सगळं त्याच्याबरोबर आत जायचं. पुढे मी त्या म्हणण्याच्या पोटात काय आहे ते ऐकायला लागलो. आपल्या दाराची वस्तू आपली नाही, तिचा मालक कुठंतरी दूर आहे आणि म्हणून ती दुरुस्त होत नाही, ही खंत त्यांना मांडायची होती. पैसा कुठं जातो याचा त्यांचा तपशील चुकीचा होता, खंत खरी होती. वहीत मी तपशील एका पानावर लिहितो आणि खंत समोरच्या पानावर.

अशीच घरं घेत घेत मागच्या उन्हाळ्यात मी ती गल्ली ओलांडली, जी इतकी वर्षं टाळत होतो. ती बाई आता म्हातारी झाली आहे. ओसरीवर वाती वळत बसली होती. मी ओळख सांगितली. तिनं पाणी दिलं, खाली बसवलं. मी हॉल्टचं विचारायला आलो असं म्हणालो, आणि मग राहवलं नाही. त्या दिवशी मला उशीर झाला, ताई, मी धावत यायला पाहिजे होतं, हे इतक्या वर्षांनी तिला सांगितलं.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "निरोप कोनं आनला ते माह्या ध्यानातच नाही, भाऊ. मले हातोडी ध्यानात हाये. रोज सकायी वावरात ते ठक ठक यायची. आमी म्हनो, चावीवाला आला, आता भाकर सोडा. त्या दिशीबी यायली. जवय आली आन् थांबली. रोज थांबत नव्हती तिथं थांबली. मंग बाप गेल्याचं समजलं." तिनं वात खाली ठेवली. "त्याच्यानंतर किती वर्सं, ते हातोडी थांबली का माह्या पोटात गोया यायचा. वाजत राह्यली का बरं वाटे."

मला काही बोलता आलं नाही. इतकी वर्षं मी त्या हातोडीच्या आवाजातून रूळ ऐकत होतो. तो आवाज वावरात कोणी ऐकत असेल, त्याच्यावर भाकरी सोडत असेल, त्याला भीत असेल, याचा विचार मी कधीच केला नव्हता. मी तिला विचारलं, त्या साली वावरात काय होतं? ती म्हणाली, कपाशीत तुरीचे तास होते, निंदन चालू होतं. मी ते लिहिलं. तिचं बोलणं तिच्याच शब्दांत लिहिलं, एक अक्षर न बदलता, आणि वाचून दाखवलं. तिनं एक दुरुस्ती सांगितली. भाकर सोडायचे ते येताना नव्हे, हातोडी परतून जायला लागली की. मी तेवढी ओळ खोडून बरोबर केली.